नसलेल्या विमानाचा पंख

माझा विमानाशी अपघात झाला तेव्हा विमान तिथे नव्हतं. बंगळूरला, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडे, एका बंद पडलेल्या धावपट्टीशेजारी, एक ट्रस्ट विमानांचं संग्रहालय बांधत होता. त्याची माहितीपुस्तिका लिहायला मी गेलो आणि मानेला दोर लागून असा कोसळलो, की माझ्या सात पिढ्या डोळ्यांपुढून वरातीसारख्या वाजतगाजत गेल्या.

"अहो, पंखात काय उभं राहिलाय!" दोराच्या एका टोकाकडून सत्तरीचे देवाप्पा ओरडले. दुसरं टोक त्यांच्या पत्नी ठकुबाईंच्या हातात होतं.

"पडलं बघा माणूस. आता तरी जेवायला चला," त्या म्हणाल्या.

दोर पंचाण्णव फूट होता. धावपट्टीच्या त्या टोकाला ऊन खात उभ्या असलेल्या जुन्या मालवाहू विमानाची रुंदी तेवढीच, पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत. देवाप्पा मूळचे निपाणीचे, चाळीस वर्षं हँगरमध्ये फिटर. विमान ढकलताना प्रत्येक पंखाच्या टोकाखाली एक माणूस चालतो, हा तिथला नियम. देवाप्पा निवृत्त झाले तरी नियम चालूच होता.

आर्किटेक्ट गिरीराजने दर्शनी भिंत झेपावणाऱ्या घारीसारखी वळवली होती. फार देखणी. फक्त विमान आत न्यायचं दार ऐंशी फूट.

"पंख काढून आत नेऊ, अंकल. मग जोडू."

"बोल्ट गंजलेत. काढायचे म्हणजे कापायचे. कापलं की विमान राहत नाही, पुतळा होतो."

सहा आठवडे देवाप्पा-ठकुबाईंची जोडी राजाजीनगरहून दोन बस बदलून येई, दोर ताणून दारापर्यंत चाले, दोन्हीकडे भिंतीला थटे आणि परत जाई. मजुरांची चहाची वेळ त्यांच्यावर ठरू लागली. मग ठकुबाईंचे पाय सुजले. देवाप्पांनी त्यांचं टोक गिरीराजच्या हातात दिलं.

"स्वल्प चला माझ्याबरोबर."

"मीटिंग आहे, अंकल."

"सरी, ठीक आहे, पण आधी विमान. नजर दोरावर."

गिरीराज दोराकडे बघत चालला आणि स्वतःच्याच घारीवर दाणकन आदळला. कपाळाला लिंबाएवढं टेंगूळ.

"टोचलं वाटतं पाखरानं," ठकुबाई म्हणाल्या.

त्याने आराखडा पुन्हा काढला. वळण तेच ठेवलं, पण अख्खी भिंत मधोमध दुभंगून रुळांवर सरकेल अशी केली. मार्चमध्ये विमान पंखांसकट आत गेलं. एका टोकाखाली देवाप्पा, दुसऱ्याखाली गिरीराज. बाजूंना हातभर जागा उरली.

मग भिंत बंद झाली. तिकीटखिडकीला दुसरीकडे जागा मिळेना, म्हणून ती भिंतीच्या रुळांवरच, कायमची बांधली.