माऊसवरचा हात

मी टेबलापाशी पोचायच्या आतच शिर्के मॅडमनी माऊसवरचा हात काढला, तापलेल्या तव्याचा चटका बसल्यासारखा. मग खुर्चीतून उठल्या. म्हणाल्या, "बस बाबा, तूच कर."

ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर आलं, ते सगळ्यांना शिकवायचं काम माझ्याकडे. दोन महिने मी मॅडमना शिकवलं म्हणजे काय केलं? "सरका जरा" म्हणत माऊस ओढून घेतला, चार क्लिक केले आणि निघून गेलो. घाई माझी होती. त्यांना वाटलं, आपल्यालाच जमत नाही.

याच टेबलाशी, नवखा असताना, मी आवक-जावक रजिस्टर लिहायला शिकलो. रोज रकाना चुकायचो. मॅडम शेजारी उभ्या राहून चुकलेल्या ओळीवर नुसतं बोट ठेवायच्या आणि थांबायच्या. पेन माझ्याच हातात असायचं.

आज त्यांच्या खुर्चीत बसलो, तर स्क्रीनवर त्यांच्या नावापुढे हिरवी खूण दिसली, प्रशिक्षण पूर्ण झाल्याची. ती मीच केलेली. मला मान वर करवेना. उठून खुर्ची मागे सरकवली आणि म्हणालो, "बसा मॅडम, तुम्ही करा. मी थांबतो."

त्या बसल्या. पण हात मांडीवरच राहिले.