धोंडूदादांची चूक

सातारच्या स्टँडबाहेर मी गाडी लावून उभा होतो. सांगलीहून आलेल्या एसटीचा कंडक्टर उतरला आणि तिकिटांची पेटी काखेत धरूनच माझ्याकडे आला. तुमचे मिस्त्री काल गेले, म्हणाला. कोणते मिस्त्री, असं मी विचारलं. खरं तर मला कळलं होतं, तरी विचारलं... माधवनगरच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये उभा जन्म इंजिनं बांधण्यात घालवलेले धोंडीराम मिस्त्री, माझे धोंडूदादा. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. नात्यानं कोणी नव्हते. माझ्या बहिणीच्या घरासमोर त्यांची शेड होती, एवढीच सुरुवातीची ओळख.

दिवसकार्य झाल्यावर शोकसभा झाली. एका प्रतिष्ठित गृहस्थांनी भाषणात सांगितलं की मिस्त्रींचा हात आयुष्यात एकदाही चुकला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो, कारण पुढच्याच रांगेत दादांच्या पत्नी शालनवहिनी होत्या. पण तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. साफ खोटं आहे ते. दादा चुकले होते, माझ्याच इंजिनावर चुकले होते, आणि ती चूक पुसून टाकून कुणी त्यांना देवपण देणार असेल तर मी ते देऊ देणार नाही.

लढाई संपून वर्ष झालं होतं. मी फौजेत ड्रायव्हर होतो. डाव्या गुडघ्यात लोखंडाचा तुकडा घेऊन वाईला घरी आलो. भाऊबंदांनी माझी सोय परस्पर ठरवून टाकली होती: मेव्हण्याच्या ओळखीनं माधवनगरच्या गिरणीच्या फाटकावर राखणदार. स्टूल मिळेल, सावली मिळेल, लंगड्याला आणखी काय हवं? मला मात्र गाडीच चालवायची होती. लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप मी हट्टानं घेतली. वाई ते महाबळेश्वर प्रवासी न्यायचा परवाना मिळणार होता, पण तपासणीला चालती गाडी दाखवायची होती आणि दिवस उरले होते वीस. दादांच्या शेडमध्ये जीपचं इंजिन उघडलं तर त्याच्या वरचं जाड लोखंडी झाकण, म्हणजे हेड, तापून वाकलेलं निघालं. तारीख हुकली की परवाना दुसऱ्याला आणि मी स्टुलावर, इतका सरळ हिशेब होता.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्या पायाकडे त्यांनी एकदाच पाहिलं, तेही क्लच दाबायला किती जोर लागेल ते बघायला. मग म्हणाले, मुंबईला जाऊ. कंपनीचं नवं हेड परदेशातून यायला वर्ष लागलं असतं. इकडे ओतलेलं देशी हेड पसरणीच्या घाटात तडकतं, हे त्यांनी दोनदा पाहिलं होतं. राहिलं भंगार बाजारातलं स्वस्त बिलायती. मेव्हणा म्हणाला, परक्या देशानं टाकून दिलेलं लोखंड घाटात काय टिकणार? दादांनी पिशवी भरायला घेतली.

बाजारात व्यापाऱ्यानं गोणपाटावर तीन हेडं मांडली. एक चंदेरी रंगानं चकचकीत, दुसरं बऱ्यापैकी, तिसरं गंजून तांबडं झालेलं. मी अर्थातच चकचकीत हेडाला हात घातला. दादा उकिडवे बसले, पान्यानं तिन्ही हेडं ठोकून कान देऊन ऐकलं, पोलादी पट्टी आडवी धरून खालून उजेड येतोय का पाहिलं. मग कमरेची चंची सोडली. व्यापाऱ्याला वाटलं, आता तंबाखू मळणार. पण दादांनी चुन्याची डबी काढली. हेडाच्या एका बाजूनं रॉकेल सोडायचं, दुसऱ्या बाजूला चुना फासून वाळू द्यायचा. चीर असली तर रॉकेल झिरपून पांढऱ्या चुन्यावर ओली रेघ उमटते. आजूबाजूचे दुकानदार जमले आणि खेड्यातले दोन येडे लोखंडाला चुना लावतायत म्हणून हसत सुटले. मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू. दादा मांडी घालून खुशाल तंबाखू चघळत बसले. अर्ध्या तासानं चकचकीत हेडावर बोटभर लांब रेघ उमटली. दुसऱ्यावर तिच्याहून मोठी. तांबड्यावर चुना कोरडा ठणठणीत! हसणारे एकेक करून आपापल्या दुकानात गेले. ते तांबडं हेड आम्ही गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेऊन सांगलीला आणलं.

आता चुकीकडे येतो. हेड बसवायच्या दिवशी मी वाईहून नदीच्या घाटावरच्या देवळातला नारळ घेऊन गेलो. आमच्याकडे नव्या कामाला नारळ फुटतोच. बहुतेक मिस्त्री तो उंबऱ्यावर फोडतात. दादांची रीत वेगळी होती. ज्याच्यापुढं हात जोडायचे ते हेच, असं म्हणून त्यांनी उघड्या इंजिनावरच नारळ फोडला, पाणी वरून शिंपडलं, मग फडक्यानं पुसून घेतलं. हेड ठेवलं, बोल्ट आवळले. शेवटच्या बोल्टला कुठंतरी टक् झालं. दादा थबकले, पण सगळं जागच्या जागी दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी पाणी भरलं तर इंजिनाच्या कडेनं घाम फुटल्यासारखे थेंब! शेडमध्ये दहा-बारा माणसं जमली. भंगारच ते, असं मेव्हणा मोठ्यानं म्हणाला. आणि मी... मीही दादांना नको ते बोललो. माझा परवाना तुमच्या चुन्यानं बुडवला, असं म्हणालो. तपासणीला पाच दिवस उरले होते.

दादांनी हेड उतरवलं. पुन्हा चुना लावला. कोरडा. मग एकेक बोल्ट उचलून पाहू लागले. शेवटच्या बोल्टचं टोक ओलं होतं. त्यांनी ते जिभेला लावलं. बोल्टची भोकं खालून बंद असतात. त्यातल्या एकात नारळाचं पाणी साचलं होतं. वरून बोल्ट आवळला, पाण्याला जायला वाट नाही, म्हणून भोकाच्या कडेला इंजिनच फाटलं होतं.

त्या घटकेला त्यांना एवढंच म्हणायचं होतं की हेड खराब निघालं. कुणाला कळलं असतं? सगळी माणसं तेच ऐकायला तर उभी होती.

"गोड हाय," दादा म्हणाले. बोल्ट माझ्या हातात दिला. "हेडात खोट न्हाई रं गड्या. चूक माझी हाय. समद्यांनी ऐका, इंजिन मी फोडलं."

नारळ देवाचा म्हणून कुणीतरी त्यांची बाजू सावरायला गेलं, तर त्याच्यावरच उखडले. देवाला मधी आणू नगा, पाणी फडक्यानं पुसलं कुणी होतं, असं विचारलं.

तिथून तीन दिवस ते शेडबाहेर पडले नाहीत. चिरेवर ओळीनं बारीक भोकं पाडली, प्रत्येकात आटे पाडून तांब्याची खीळ फिरवली, एकीला दुसरी चिकटून, आणि वरून ठोकून सपाट केली. जाता जाता माझ्या पायासाठी क्लचचा दांडा लांब करून दिला. ते मी मागितलंही नव्हतं. ठरल्या तारखेला जीप तपासणीला उभी राहिली आणि पास झाली. पहिल्या फेरीला दादा शेजारी बसले. पसरणीचा घाट, भर चैत्राचं ऊन, मागं सहा प्रवासी... पाणी उकळलं नाही. वर पोचल्यावर ते म्हणाले, मेव्हण्याला सांग, स्टुलावर दुसऱ्याला बसव. तेच हेड आजही माझ्या गाडीवर आहे. ज्याला बघायचं असेल त्यानं यावं, बॉनेट उघडून दाखवतो.

त्यानंतर दादांनी बाभळीच्या लाकडाची बुचं तासली, बोल्टच्या भोकात बसतील अशी, आणि दोरीत ओवून पूजेच्या कोनाड्याशेजारी टांगली. नारळ फोडायच्या आधी सगळी भोकं बंद. नवं गिऱ्हाईक विचारायचं, ही कसली माळ? दादा त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचे, माझ्या शिव्यांसकट.

गेल्या आठवड्यात वहिनींना भेटायला शेडवर गेलो. भिंतीवर दादांचा मोठा फोटो लावलाय. शोकसभेतला हार वाळून गेला होता. वहिनींनी तो काढला, कोनाड्याजवळची बुचांची माळ उतरवली आणि माझ्याकडे दिली. "आवं, त्यांचा हात कवा चुकलाच न्हाई म्हणं," त्या म्हणाल्या. "घाला ही." समोरच्या घरातून आलेला मेव्हणा म्हणाला, असलं काही फोटोला घालत नाहीत. मी स्टूल ओढलं, दुखऱ्या पायावर जोर देऊन चढलो आणि माळ घातली.