लाइनीवर थांबलेली अक्का

कमलनगरच्या बाजूला लाइन हा शब्द इंग्रजी आहे असं सांगितलं तर लोक हसतील. आमच्याकडे वीज म्हणजे लाइन. घरात कुणी मराठी बोलो, कन्नड बोलो की दखनी, पंखा थांबला की सगळ्यांची लाइनच जाते. रेशनच्या दुकानापुढची रांग लाइन, रेल्वेचे रूळही लाइन. पोरगा नोकरीला चिकटला की तो लाइनीला लागला. आणि पोरीनं आपल्या मनानं कुणाला पसंत केलं की तिनं लाइन सोडली.

माझ्या थोरल्या बहिणीबद्दल लोक हेच म्हणाले. बीदरला शिकताना अक्कानं एका बौद्ध घरातल्या मुलाशी लग्न केलं आणि दोघं हैदराबादला गेले. आमचं घर लिंगायत. जात मानू नये, हे रोजच्या पूजेतल्या वचनांतून म्हणणारं. त्याच घरात अप्पांनी बजावलं, तिचं नाव काढायचं नाही.

पुढं आमच्या किराणा दुकानात फोन आला. गल्लीत पहिलाच. कुणाचाही फोन आला की पलीकडच्याला थांबायला सांगून मी त्या माणसाला घरातून बोलावून आणायचो. तशी रीतच पडली होती. अक्काला कुठून तरी नंबर मिळाला. तिचा फोन यायचा तो बहुतेक दुपारी, अप्पा झोपलेले असताना.

"अव्वाला बोलाव रं. मी लाइनीवर थांबते."

मी रिसीव्हर पोत्यावर ठेवायचो. गिऱ्हाइकाला डाळ जोखून द्यायचो. अव्वाला, म्हणजे आईला, हाक मारायचोच नाही. मग रिसीव्हर उचलून सांगायचो, "येत न्हाई म्हणती."

"बरं," अक्का म्हणायची. "तब्येत बरी हाय ना तिची?"

तिनं फोन ठेवला की आई आतल्या दारात यायची. "कोणाचा व्हता रं?"

"उदगीरच्या अडत्याचा."

अप्पा होते तोवर मला त्यांचा धाक होता, आणि माझं लग्न जुळायचं होतं. पण अप्पा गेल्यावरही मी तेच केलं. खरं सांगितलं असतं तर आधीचं सगळं खोटं उघडं पडलं असतं. हळूहळू अक्काचे फोन थांबले. मग आई गेली. मी निरोप उशिरा दिला. अक्का आली तेव्हा माती देऊन झाली होती. ती आमच्या घरात पाणीही न पिता परतली. ओसरीवर बसलेल्या बाया म्हणाल्या, "जिती असताना एक फोन केला न्हाई, आता रडायला आली." मी तिथंच उभा होतो.

त्या बायांना आणि माझ्या मुलांनाही आजवर तेच खरं वाटत आलंय. म्हणून हे लिहितोय. पण लिहिण्याआधी अक्काला सांगणं भाग होतं. गेल्या महिन्यात मुलाच्या मोबाइलवरून तिला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

तिनं आधी एवढंच विचारलं,

"म्हंजे अव्वा येत न्हाई म्हणत नव्हती?"

"तिला ठावंच नव्हतं, अक्का."

"आन् आता कामून सांगायलास? तिला माती देऊन किती वर्षं झाली!"

मग तिनंच हळू आवाजात विचारलं, "माझं नाव तरी काढायची का रं?"

नाव काढत नव्हती, हे खरं होतं. पण मी एक पाहिलं होतं. फोन वाजला की आई आत बसल्या बसल्या डोक्यावर पदर घ्यायची. एकदा मी हसलो, तेव्हा म्हणाली, "जावई असला तर? उघड्या डोक्यानं कसं बोलावं?" आमच्या घरात दुसरा जावई नव्हता. हे सगळं मी अक्काला सांगितलं.

तिकडून तिचा आवाज मोठा झाला. दाजींना आता कमी ऐकू येतं.

"अवो, ऐकलात का? अव्वा तुमच्यासाठी पदर घेत व्हती म्हणं! फोन वाजला की!"

दाजी काय म्हणाले ते मला कळलं नाही. अक्का रडत होती की हसत होती, तेही नाही. मग ती पुन्हा माझ्याशी बोलली.

"लई वाईट केलास रं तू."

"व्हय, अक्का."