हळू बोलण्याची तालीम

बाहेरून स्वस्त कापड आलं आणि गिरणीला टाळं लागलं. मागांच्या खडखडाटात उभा जन्म काढलेले विणकरमामा आता सरकारी रोजगार केंद्रात मुलाखतीची तालीम करत होते.

"मामा, हळू बोला. साहेब दचकेल," तिथल्या मॅडम रोज बजावायच्या. पण घशाला ओरडायचीच सवय, ती काय अशी सुटते?

आज काचेपलीकडे मॅडम शेजारच्या टेबलावरच्या बाईंशी बोलत होत्या. आवाज येत नव्हता. पण गिरणीत कान कामाचेच नसतात, समोरच्याचे ओठ वाचावे लागतात. मामांनी सवयीने वाचले. 'या वयात यांना कोण घेणार? उगाच खेटे घालतायत बिचारे.'

मॅडम बाहेर आल्या. "काम नक्की लागेल, मामा. उद्या येताय ना?"

"येतो."

"बघा, आज कसं छान हळू बोललात."