बाल्कनीपर्यंतची चढाई

कुठलंही काम पुढ्यात आलं की तो बोटांची टोकं एकमेकांवर घासायचा आणि विचारायचा, "फ्री की एड?"

खराडीच्या ऑफिसात तो माझ्या शेजारी बसायचा. रविवारी सुळके चढायचा आणि सोमवारी आमचं डोकं खायचा. तुम्ही भेटला असतात तर तुम्हालाही शिकवल्याशिवाय सोडलं नसतं. नुसत्या हातापायांनी चढलात तर फ्री. दोर असतो तो फक्त पडलात तर झेलायला. कातळातल्या मेखांना लटकत वर गेलात तर एड. फ्रीची श्रेणी सांगते, चढण किती कठीण: फाइव्ह-सिक्स म्हणजे नवशिक्याची, फाइव्ह-टेन म्हणजे बोटं सोलणारी. एडची सांगते, आधार निसटला तर किती आपटाल. ए-वन म्हणजे आधार पक्का. ए-फाइव्ह म्हणजे घरी सांगून निघा.

साहेबांकडे रजा मागणं ए-थ्री होतं. कँटीनची पोळी तोडणं फाइव्ह-टेन.

मग त्याच्या वडिलांना, नानांना, अर्धांगवायूचा झटका आला. डॉक्टर म्हणाले, चालवा. पण वाघोलीच्या फ्लॅटमध्ये नाना भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. "झालं माझं," एवढंच म्हणायचे. हा ऑफिसात गप्प बसू लागला. तो गप्प बसलेला आम्हाला बघवेना.

एका शनिवारी मी भेटायला गेलो, तर पलंगापासून बाल्कनीपर्यंत भिंतीत लोखंडी कड्या, त्यांतून ओवलेला लाल दोर, आणि नानांच्या डोक्यावर हेल्मेट! ड्रिलच्या आवाजाची तक्रार घेऊन खालचे गृहस्थ आले होते. त्यांनी नानांकडे नीट पाहिलं. "आमची झोप तर गेलीच," ते म्हणाले, "निदान शिखरावर पोचलात की कळवा."

"अरे, मी बाल्कनीत निघालोय, सुळक्यावर नाही," नाना ओरडले.

"ए-वन आहे, नाना. कड्या पक्क्या आहेत."

"आणि निसटली तर?"

"तर ए-टू. खाली गादी टाकलीय."

नाना चिडून उठले. चिडून का होईना, उठले.

पुढे त्यांनाच नाद लागला. एकदा ते दोर न धरता बाल्कनीत पोचले. आम्ही टाळ्या वाजवल्या. "थांबा," नाना म्हणाले, "दाराशी दोराला बोट लागलं. हे फ्री नव्हे." आणि पलंगाकडे परतले. पुढच्या खेपेला खरंच जमलं, तेव्हा मुलाने फाइव्ह-सिक्स दिली. नानांनी त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला. "सरकत्या दाराचा उंबरा मोजलास का?"

आणि सगळे सुळके सोडून हा पडला कुठे, तर ऑफिसच्या ओल्या जिन्यावर! पाय मोडला. मी गेलो तेव्हा तो त्याच पलंगावर होता, प्लॅस्टरमध्ये. चहा बाल्कनीत घ्यायचा ठरला. त्याने कडीकडे हात नेला.

"कड्या राहू देत," नाना म्हणाले, "मला धर."

त्यांचा पुढे केलेला हात थरथरत होता. आतापर्यंत शिकलो होतो त्यावरून सांगतो, ए-फोरच्या खाली काही नव्हतं.

त्याने त्या हाताकडे पाहिलं. बोटांची टोकं एकमेकांवर घासली.

"ए-वन," तो म्हणाला आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला.