चपलांपाशी बसवलेली आई

“मावशी, तुम्ही नाहीतरी आत येत नाही ना? मग चपलांकडे लक्ष ठेवा जरा.”

साहेबांच्या बायकोनं माझ्या आईला हे सांगितलं. देवळाच्या पायरीशी, सगळ्या ऑफिससमोर. हसत सांगितलं. आईनं मान हलवली. हो म्हणायची सवय त्या मानेला आयुष्यभराची.

एकेकानं पायातलं काढलं. सँडल, बूट, पोरांचे लाइटवाले शूज. आईभोवती ढीग झाला. शेजारी चपलांचा स्टँड होता, पण तिथे रांग होती. माझे बूटही त्याच ढिगात.

आम्ही भांडुपच्या टेकडीवरचे. आईनं मुलुंडच्या सोसायट्यांचे जिने धुतले. बादली उचलायची, एक माळा उतरायचा, परत बादली. वडील गेल्यावर सकाळ-संध्याकाळ. त्यातच गुडघे गेले. त्या जिन्यांवर मी बी.कॉम. झालो. घरातला पहिला पदवीधर. त्याचा मला अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही. साकीनाक्याच्या एका कंपनीत अकाउंट्सला लागलो. कंपनीनं घरच्यांसकट मुंबई दर्शनाची बस काढली, तेव्हा आईचं नाव मीच दिलं. या राजधानीचे जिने तिनं पाहिले होते. राजधानी पाहिली नव्हती.

ती नको म्हणत होती. “तुझ्या हापिसातली माणसं. मी काय बोलू त्यांच्याशी?”

मी म्हटलं, गेटवे बघू, जुनं चर्च बघू, एक देऊळ आहे, आणि शेवटी बोरिवलीला कान्हेरीची बौद्ध लेणी. लेणी म्हटल्यावर तिनं पेटीतली पांढरी साडी काढली.

आई देवळात जात नाही. कुणाचा राग म्हणून नाही. आम्ही बौद्ध. वडिलांनी आणि तिनं दीक्षा घेताना देव न पुजण्याचा शब्द दिला, तो ती पाळते. मीही तोच शब्द ऐकत वाढलो. पण साहेब म्हणाले, “चल रे, दोन मिनिटांचं काम,” आणि मी गेलो. आत कुणीतरी खांबांवरचं कोरीवकाम समजावत होतं. माझ्या कानात काही शिरत नव्हतं. बाहेर आई उन्हात बसली होती.

परत आलो तर तिनं सगळे जोड लावून ठेवलेले. माझे बूट वेगळे, तोंड माझ्याकडे करून. मी पाय घातले. ती वाकून नाडी बांधायला लागली, तेव्हा कुठे मी पाय मागे घेतला.

बसमध्ये एकजण ओरडला, “मावशी, झकास! एक पण जोड इकडचा तिकडे नाही!”

बस हसली. आईपण हसली. तिला इथे मी आणलं होतं. घरी सुखानं बसली असती.

लेण्यांच्या पायथ्याशी उतरलो. आईनं पदर नीट केला, वर कातळाकडे बघितलं. तेवढ्यात साहेबांच्या बाई परत तिच्यापाशी आल्या.

“मावशी, वर खूप पायऱ्या आहेत हं. तुम्ही इथेच सावलीत बसा. आमच्या पिशव्यापण राहतील तुमच्यापाशी.”

आईच्या मांडीवर पहिली पिशवी आलीसुद्धा. मग दुसरी. मग कुणाचं तरी जॅकेट.

“बसते की मी,” आई मला म्हणाली. “तू जा बाळा, बघून ये.”

ज्या एका जागेसाठी ती आली होती, तिच्या दारात तिला बसवलं होतं. आणि ती मला जा म्हणत होती. मला नोकरीत त्रास नको म्हणून.

मी पिशवी उचलली. “ही कोणाची?”

मी ती सगळ्यांसमोर धरली.

“कोणाची आहे? घ्या. आपापली घ्या.”

“अरे, मावशींच्या गुडघ्यांसाठी म्हणाले मी,” बाई म्हणाल्या. “तुम्ही लोक ना, लगेच मनाला लावून घेता.”

“गुडघे तिचे आहेत. चढायचं की नाही ते ती ठरवेल. तुमच्या सासूबाई फिरायला आल्यात, तशीच माझी आई आलीय. राखण करायला नाही.”

साहेब म्हणाले, “तमाशा करू नकोस यार.”

“करणार नाही सर. पिशवी घ्या.”

घेतली त्यांनी. मी जॅकेट दगडावर ठेवलं आणि आईला हात दिला.

आम्ही सगळ्यांच्या मागे चढलो. मधे मधे बसत. मोठ्या चैत्यात तिनं चपला काढल्या, स्तूपासमोर हात जोडले, ‘बुद्धं सरणं गच्छामि’पासून त्रिशरण म्हटलं. बारीक आवाज, पण कातळानं तो मोठा करून परत दिला. सेल्फी काढणाऱ्या दोन पोरांनी मोबाइल खाली घेतला.

बाहेर ओट्यावर टेकल्यावर तिनं मला विचारलं, “बोलता येत होतं तुला. मग देवळापाशी का नाही बोललास रे?”

तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही आणि मलाही तो नको होता.

साहेब तेव्हापासून कामापुरतं बोलतात. बोलोत. माझी आई कान्हेरीला वरपर्यंत गेली, स्वतःच्या पायांनी. खाली सगळे आमच्यासाठी ताटकळत उभे होते. ती तिच्या चालीनं उतरली आणि मी तिला घाई केली नाही.

यापुढे दुसऱ्या अपमानाची वाट बघणार नाही. पहिल्यालाच बोलेन.