आधी कसायचं, मग शेंदूर

जळगावात त्या काळी मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि त्यांतली सगळ्यात मोठ्यानं खोकणारी आमची होती. ती सुरू झाली की तिकडे भुसावळ स्टेशनात हमाल उठून उभे राहत, मेल आली म्हणून. यात थोडी अतिशयोक्ती असेल. दोन हमाल बसूनही राहत असतील.

ती मला मिळाली कशी, तेही सांगतो. देश स्वतंत्र झाला आणि एका जिनिंगचा गोरा साहेब विलायतेला परत निघाला. जाताना त्यानं कुत्रं खानसाम्याला दिलं आणि मोटार मला. मी शाळेत मास्तर, त्याच्या मुलाला गणित शिकवलं होतं. मुलगा गणितात नापास झाला होता. तरी साहेबानं मोटार दिली, तेव्हा ते बक्षीस होतं की सूड, हे मला पुढची चार-पाच वर्षं कळलं नाही.

आता असल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणतात आणि फुलं लावून मिरवतात. आमची ढकलून मिरवावी लागे. तिला ढकलून ढकलून आमच्या गल्लीत दोन पहिलवान तयार झाले.

पण सुरुवातीची वर्षं ती खरंच चालली, आणि मी तिच्याबद्दल वाटेल त्या थापा मारल्या. त्यांतली एक थाप मला भोवली.

दसऱ्याचा दिवस होता. आमच्याकडे दसऱ्याला सगळ्या हत्यारांची पूजा, विळ्या-कोयत्यापासून माझ्या फुटपट्टीपर्यंत. मी सकाळपासून मोटार धूत होतो. मागची सीट उचलली, खालची फळी काढली. तिथं बॅटरी बसलेली असे. बॅटरीच्या एका खुंटीवरून वेणीसारखी विणलेली तांब्याची जाड पट्टी निघे आणि गाडीच्या लोखंडी सांगाड्याला एका बोल्टनं कसलेली असे. याला अर्थिंग म्हणतात. पुष्कळ गाड्यांत बॅटरीचं ऋण टोक असं लोखंडाला बांधतात. साहेबाच्या गाडीत धन टोक बांधलेलं. मी तो बोल्ट खोलून पट्टी घासत बसलो होतो.

आई पूजेचं ताट घेऊन आली आणि म्हणाली, "हाई काय शे?"

आईचं माहेर शिंदखेड्याकडचं. चाळीस वर्षं जळगावात राहून तिची अहिराणी तसूभर हलली नव्हती.

मास्तराला कुणी प्रश्न विचारला की तो गप्प बसत नाही. मी म्हणालो, "आई, हा या गाडीचा प्राण. या एका बोल्टनं ती धरणीला टेकून आहे. हा गेला तर गाडी म्हणजे नुसता पत्रा."

आईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी ती फक्त कीर्तनकाराकडे पाही. मी नट उचलला.

"थांब भाऊ. पहिले तिले शेंदूर लावू दे."

आणि तिनं तेलात कालवलेला शेंदूर बोटानं त्या जागेवर माखला. बोल्टच्या डोक्यावर नव्हे, तर पट्टी जिथं लोखंडाला भिडते त्या उघड्या बैठकीवर. देव बसवण्याआधी पाटाला लावावा तसा, कडेपर्यंत. मी त्यावर पट्टी ठेवली आणि नट बोटांनीच आवळला, कारण पाना अंगणात होता आणि स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येत होता. त्यानंतर दर शनिवारी ती फळी उचलून शेंदराचं बोट लावत राहिली. मला काही वाटलं नाही. उलट चार लोकांना सांगितलं की आमच्या गाडीला मारुतीचं बळ आहे.

दिवाळी संपली तसं ते बळ ओसरायला लागलं. आधी स्टार्टर मुका झाला. मग दिवे पिवळे पडले, देवघरातल्या वातीसारखे. हॉर्न दाबला की पडसं झालेली शेळी शिंकल्यासारखा आवाज येई. मी तीन वेळा बॅटरी सायकलच्या कॅरिअरवर बांधून चार्जिंगवाल्याकडे नेली. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "मास्तर, हिला खाऊ घालून घालून फुगवाल. दुखणं दुसरीकडे आहे." मी ऐकलं नाही. हँडल मारलं की गाडी सुरू व्हायची, तेवढ्यावर मी समाधानी होतो.

आणि अशात अक्काला आणायची वेळ आली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नरडाण्याच्या पुढे एका खेड्यात दिलेली. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेली प्रत्येक लेक माहेरी येते. कडुनिंबाला झोके बांधतात, गाणी होतात. अक्का तीन आखाज्या आली नव्हती. पहिल्या वर्षी तिची सासू आजारी. दुसऱ्या वर्षी अक्काचं मूल जन्मून दोन दिवसांत गेलं. तिसऱ्या वर्षी ती विहिरीच्या पायरीवरून पडली आणि तिची कंबर धरली. बैलगाडीत बसून स्टेशनापर्यंत जाणंही तिला होईना. मूल गेल्यापासून आईनं तिला डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

चौथ्या वर्षी मी विचारायला गेलो तेव्हा तिच्या सासूनं सांगितलं, "मोटार दारशी लावा, मंग धाडसू. आखाजीना आदला दिवस, दिवा लावाना पहिले." दिवेलागणीनंतर घरची सून उंबरा ओलांडत नाही, हा तिचा नियम. माझ्या मोटारीची कीर्ती तिच्यापर्यंत पोचली असावी, म्हणून तिनं ही अट घातली, असं मला तेव्हा वाटलं.

आदल्या दिवशी सकाळची शाळा सुटल्यावर निघालो. आईनं आदल्या संध्याकाळीच झोका बांधला होता, अक्काच्या लहानपणचा दोर शोधून. निघताना तिनं फळी उचलून शेंदूर लावला, फळी बसवली, त्यावर हात ठेवून पुटपुटली. मला म्हणाली, "लई ऐ तिले." घेऊन ये तिला, एवढंच.

हँडल मारलं आणि निघालो. एरंडोलपर्यंत बरं चाललं. पुढे काहीतरी पार निसटलं. वेग होता तोवर गाडी पळे, पण जरा हळू केली की इंजिन आचके देई. म्हणून मी हळू करायचंच सोडलं. पारोळ्याला एका हॉटेलासमोर गोल गोल घिरट्या घालत मी चहा प्यालो. पोरगा बाजूनं पळत कप देई आणि पुढच्या फेरीला परत घेई. तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसू नये. पण इंजिन बंद केलं नाही, एवढं खरं.

धुळ्याला पोचलो तेव्हा दुपार कलायला लागली होती. पांझरेच्या पुलावर समोर बैलगाड्यांची रांग. मी ब्रेक दाबला. मोटारीनं एक उसासा टाकला आणि ती मेली.

हँडल मारलं. वीस वेळा मारलं, शंभर म्हणा. साधी ठिणगी पडेना. मागच्या गाडीवरचा गाडीवान खाली उतरला, मोटारीभोवती फिरला आणि म्हणाला, "मास्तर दिसतस तुम्ही. बैल जोडू का? मन्हा बैल विलायती नहीत, पन चालतस."

पुलावरचे सगळे हसले. मला हसू आलं नाही. सूर्य बघत होतो. आई झोक्याखाली उभी आणि तिकडे अक्का ट्रंकेवर बसलेली, मध्ये ही नदी आणि हा मेलेला पत्रा. मी म्हणालो, "जोडा, आबा."

बैलांनी मोटार पूल ओलांडून देवपुरात आणली. तिथं चिंचेखाली एका मिस्त्रीचं दुकान होतं. ट्रकखालून त्याचे फक्त पाय दिसत होते. मी सगळं सांगितलं. पायांनी ऐकून घेतलं. मग माणूस बाहेर आला, पांढरी दाढी, लुंगीवर बनियन.

"बहिणीला आणायला चाललात?"

"हो चाचा. दिवे लागायच्या आत पोचायचंय."

त्यानं आणखी काही विचारलं नाही. सीट काढली, फळी काढली. एक जाड वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या पट्टीवाल्या खुंटीला धरलं, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. मला म्हणाला, "स्टार्टर दाबा."

सहा महिने मुका असलेला स्टार्टर असा गरजला की चिंचेवरचे कावळे उडाले. वायर काढली, पुन्हा मुका.

"बॅटरी चांगली आहे भाऊ, डायनामोही चांगला आहे," मिस्त्री म्हणाला. "करंट घरातून निघतो, दिव्यात जातो, हॉर्नात जातो. पण त्याला परत घरी यायला रस्ता पाहिजे ना. तो बंद आहे."

त्यानं बोल्ट खोलायला हात घातला आणि थांबला. पट्टीखालून शेंदराचं कवच निघालं. वाळलेलं, तेलकट, धुळीनं कडक झालेलं, वरचं तेल झिरपून झिरपून आत गेलेलं.

"हे कोणी केलं?"

"आईनं. मी सांगितलं होतं तिला, यामुळे गाडी धरणीला टेकून आहे म्हणून."

"मास्तर, गाडी रबराच्या चाकावर उभी आहे. धरणीशी हिचा काय संबंध? हे लोखंड हीच हिची धरणी." मग तो उठला आणि पाण्याच्या बादलीकडे गेला. मला वाटलं, काम सोडलं. तो साबण लावून हात धूत होता. कोपरापर्यंत, नखांतलं काळं काढून.

परत आला आणि पातळ पात्यानं शेंदूर खरवडायला लागला. पडेल तो कण धुतलेल्या बशीत घेत होता. माझा हातही मधे मधे लागत होता. लोखंड चांदीसारखं निघालं. पट्टी घासली, बसवली, आणि पान्यानं नट असा आवळला की त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या. मग बशीतला शेंदूर थोड्या तेलात कालवला आणि बोल्टच्या डोक्यावर, पट्टीवर, सगळीकडे स्वतःच्या बोटानं लावला.

मी फळी बसवायला उचलली.

"आता वरून लावलं तर चांगलंच आहे," तो म्हणाला. "गंज चढणार नाही, बॅटरीचं तेजाब लोखंड खाणार नाही. आम्ही ग्रीस लावतो, आईनं हे लावलं. फक्त आधी कसायचं, मग शेंदूर. जा आता, बहीण वाट बघत असेल."

सोनगीर मागे पडलं तेव्हा सूर्य अंगठ्याएवढा उरला होता. त्या दिवशी ती गाडी जमिनीवर चालली असं मी म्हणणार नाही. नरडाण्याचे लोक अजून विचारतात म्हणे, ते काय गेलं होतं म्हणून.

अक्काच्या दारात पोचलो. ओट्यावर सासू कंदील घेऊन बसलेली, मांडीवर काच, हातात फडकं. आत अंधार होऊ लागला होता, पण कंदील लावलेला नव्हता. अक्का दारामागे उभी, पदर खोचलेला, ट्रंक पायाशी. बारीक झाली होती.

मी इंजिन चालूच ठेवून उतरलो. सासू म्हणाली, "बंद करी दे ती. पहिले पानी पी."

मी घाबरत किल्ली फिरवली. पाणी प्यालो. अक्काला उचलून मागच्या सीटवर बसवलं, बरोबर त्या फळीवर. स्टार्टर दाबला. पहिल्या दमात सुरू. सासूनं काचेत शेवटचं एकदा फडकं फिरवलं आणि मग काडी ओढली.

वाटेत अक्का म्हणाली, "तासाभरापासून त्या एकच काच पुसत होत्या. मी म्हटलं द्या मी पुसते, तर म्हणाल्या, तू बस." आणि ती रडायला लागली, आणि मग मी तिला पुलावरच्या बैलांची गोष्ट सांगितली, बैल आठ होते असं सांगून, तेव्हा रडता रडता हसायला लागली.

रात्री धुळ्यात ओळखीच्या घरी टेकलो आणि सकाळी जळगावला आलो. आईनं अक्काचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि किती तरी वेळ नुसतं पाहिलं. मग तिला धरून झोक्यावर बसवलं. अक्काला उभ्यानं झोका घेता येईना, म्हणून ती नुसती बसली आणि आईच झोका हळूहळू हलवत राहिली.

दुपारी आई शेंदराची वाटी घेऊन मोटारीकडे आली. मी रस्ताभर ठरवत आलो होतो, तिला काय सांगायचं. एवढी मोठी कथा माझ्याकडे कधी आली नव्हती. बैल, पूल, चिंचेवरचे कावळे.

तिनं विचारलं, "गाडी कुठे अडनी का?"

मी म्हणालो, "नाही आई. कुठंच नाही."

माझ्या आयुष्यातली सगळ्यात छोटी थाप ती.

आई माझ्या हाताकडे पाहत होती. "मंग तुन्हा हातले शेंदूर कसा काय लागना?"

नखांत, अंगठ्याच्या रेषांत, सदऱ्याच्या बाहीवर, सगळीकडे होता. मास्तर असून मी पोरासारखा हात मागे घेतला. तिनं पदराचं टोक जिभेवर ओलं केलं, माझा अंगठा धरला आणि पुसायला लागली. तेलाचा शेंदूर, तो काही निघाला नाही. तरी ती पुसत राहिली.

ती पुढे पुष्कळ वर्षं जगली, मोटारीपेक्षा जास्त. मोटार होती तोवर दर शनिवारी वाटी घेऊन येई, फळी उचले. अक्कानं तिला सगळं सांगितलं असणार, कारण बोट लावायच्या आधी ती मला हाक मारून विचारी, "भाऊ, कसेल शे का?"

मी पाना घेऊन जाई, आवळून दाखवी. मगच ती शेंदूर लावे.